सगळी लाल टोकं दाराकडे

वंदना रंगारी मॅडमवर अन्याय झाला तो गेल्या वर्षी फेब्रुवारीतल्या तिसऱ्या बुधवारी, सकाळी सव्वाअकरा वाजता, वर्ध्यातल्या एका कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये, खिडकीजवळच्या मोठ्या टेबलापाशी. खोलीत एकोणीस माणसं होती. त्यांच्या बाजूनं बोललं एकही नाही. त्या एकोणिसांत मी होतो.

कॉलेजचं नाव लिहीत नाही. वर्धेकरांना कळेल. ज्यांना कळणार नाही त्यांच्या गावात असलंच एक कॉलेज आहे, त्यांनी ते धरावं.

या जुलैत तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांची नवी यादी लागते. मॅडमचं नाव तिच्यात येऊ द्यायचं नाही असं ठरलेलं आहे, आणि त्यासाठी फायलीत एक कागद लावून ठेवला आहे. कागदाचं पुढे सांगतो. आधी माणूस सांगतो, कारण ज्यांनी कागद केला त्यांनी अकरा वर्षांत माणूस पाहिलेला नाही.

तासिका तत्त्व म्हणजे तास असेल तर या, शिकवा, निघा. जुलैत बोलावतात, एप्रिलात सोडतात. मॅडमला असं अकरा वेळा बोलावलं आणि अकरा वेळा सोडलं. स्टाफरूममधल्या प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर ऑइल पेंटनं नाव आहे, शिपायाच्या स्टुलावरसुद्धा आहे. मॅडमच्या नावाची खुर्ची नव्हती, म्हणून त्या लॅबमधल्या लाकडी घोडीवर बसायच्या आणि तिथंच डबा खायच्या. पहिल्या वर्षी आमच्या विभागप्रमुखांनी त्यांना आडनाव ऐकून विचारलं होतं, "तुम्ही कोणत्या कोट्यातून?" मॅडम म्हणाल्या, "मी तासावर आहे सर. तासाले कोटा नसते." ही गोष्ट आम्हाला लॅबच्या शिपायानं सांगितली. मॅडमनं कधीच नाही.

ठेंगणी बाई. नालवाडीहून स्कूटीवर यायच्या. चष्मा सदैव डोळ्यावर, म्हणून चष्म्याची डबी रिकामी, म्हणून डबीत खडू. आवाज लहान. मागच्या बाकावरून "मॅडम, ऐकू येत नाई" असं कोणी ओरडलं की म्हणायच्या, "मंग चूप बस, येईन ऐकू."

आणि एक प्रश्न. तुम्ही काहीही सांगा, त्या विचारणार, "पाह्यलं का?"

पहिल्याच आठवड्यात निखिल नावाचा आमचा मित्र उठून म्हणाला, "मॅडम, लोखंड चुंबकाले चिकटते."

"पाह्यलं का?"

"त्यात काय पाहाचं? सगळ्याईले माहीत आहे."

"सगळ्याईले माहीत आहे ते राहू दे. तू पाह्यलं का?"

मग त्यांनी सगळ्यांचे डबे मागवले. स्टीलचे बारा डबे टेबलावर आले आणि निखिल चुंबक घेऊन एकेकाला लावत सुटला. काही डब्यांना चिकटलं, काहींना अजिबात नाही. त्याच्या स्वतःच्या डब्याला तर नाहीच. वर्ग हसला. "अबे, तुहा डबा नकली आहे!" मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "डबा अस्सल आहे. तुमचं वाक्य नकली होतं." त्या दिवशी पुस्तक उघडलंच नाही. लोखंडात दुसरं काय मिसळलं की आतले कण कसे बसतात आणि चुंबकाला कसे नाही म्हणतात, यावर तास गेला. डबे थंड झाले. मला ते अजून पाठ आहे. त्याच वर्षी आमच्या विभागप्रमुखांनी वर्षभर जे लिहून दिलं त्यातली एक ओळ आठवत नाही.

निखिलचाच दुसरा किस्सा. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये त्यानं लोखंडाच्या चुंबकत्वाचा आलेख काढला, नऊ ठिपके आणि नऊच्या नऊ रेषेवर. प्रयोग केलाच नव्हता, आकडे मागून बसवले होते. आमच्याकडे सगळेच बसवतात, आणि सही करणारे सगळेच पाहून न पाहिल्यासारखं करतात. मॅडमनं वही डोळ्याजवळ नेली.

"लई सरळ रेघ आहे रे."

"हो मॅडम, चांगली आली."

"रेघ तुही आहे. लोखंडाची नाई. लोखंड एवढं आज्ञाधारक नसते. शनिवारी येजो."

शनिवारी चार तास त्याच्याबरोबर बसल्या. शनिवारचे तास हजेरीत धरत नाहीत, हे सांगायला नको. ठिपके इकडेतिकडे आले. मॅडम खूश. "हे पाह्य. हे खरं वाकडं आहे."

आता त्यांचा स्वतःचा अभ्यास काय होता ते सांगतो. स्टाफरूममध्ये त्याला "रंगारी मॅडमचा टोपलीवाला विषय" म्हणत आणि हसत, म्हणून नीट सांगितलंच पाहिजे.

पदार्थाच्या अणूअणूत चिमुकला चुंबक असतो. साध्या लोखंडात हे चुंबक शेजाऱ्याचं पाहून एकाच दिशेला तोंड करतात. काही पदार्थांत उलट असतं. शेजाऱ्यानं वर तोंड केलं की मी खाली करणार. दोघांचं यात छान जमतं. एका ओळीत असले तरी जमतं, एक वर, एक खाली, एक वर. पण तिघं त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांवर बसले की? पहिला वर, दुसरा खाली. तिसऱ्यानं काय करायचं? वर केलं तर पहिल्याशी बिनसतं, खाली केलं तर दुसऱ्याशी. एक जण नाराज राहणारच, आणि तो कोणी राहायचं हे ठरलेलं नाही. असे हजारो त्रिकोण कोपऱ्याला कोपरा लावून पसरले की त्या पदार्थाला कितीही थंड करा, अगदी ज्याच्या खाली थंडी नाही तिथवर न्या, तरी आतले चुंबक रांगेत लागत नाहीत. मॅडमनं दूरच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत जाऊन तांब्याच्या एका हिरवट भुकटीवर हेच मोजलं. त्यावर त्यांना डॉक्टरेट मिळाली. टोपली एवढ्यासाठी, की अशी जाळी कशी दिसते असं विचारलं तर त्या बाजारातून आणलेली कोंबड्या झाकायची बांबूची मोठी टोपली उपडी ठेवायच्या. षट्कोनी भोकं आणि त्यांच्याभोवती त्रिकोण. "जगातले शास्त्रज्ञ याले जपानी टोपलीच्या नावानं ओळखते. आपल्या इथली टोपली कोनी पाह्यली नसन."

आणि टेबल. दोन वर्षांचे शनिवार त्या टेबलात गेले. पुलगावच्या अश्विनीच्या वडिलांचं ग्रिल-गेट करायचं दुकान आहे. तिथून ती आरीची मोडकी पाती पोत्यात घालून रेल्वेनं आणायची. पात्याचे बोटभर तुकडे करायचे, तारेच्या गुंडाळीत घालून वीज सोडून त्यांचे चुंबक करायचे, प्रत्येकाच्या पोटाशी एक टिचबटण बसवायचं आणि ते टिचबटण उभ्या शिवणसुईच्या टोकावर तोलायचं. एका टोकाला लाल नेलपॉलिश, दुसऱ्याला पांढरं. अशा दोनशे दहा सुया त्या टोपलीच्या जाळीत मांडल्या होत्या. तीन तीन टोकं एकेका जागी भेटत. लाल टोकाला पांढरं आवडतं, पांढऱ्याला लाल. पण भेटणार तीन, आणि रंग दोनच, म्हणजे प्रत्येक भेटीच्या जागी दोघं सारखे येणारच. टेबलाला टिचकी मारली की सगळ्या सुया थरथरायच्या, गिरक्या घ्यायच्या आणि पुन्हा थांबायच्या. दर वेळी नक्षी वेगळी. पण कुठल्याही जागी तिन्ही लाल नाहीत, तिन्ही पांढरी नाहीत.

"गोंधळ दिसते ना?" मॅडम म्हणायच्या. "नियम एकही मोडला नाई यानं. मोजून पाह्य." आम्ही मोजायचो. खरंच मोडलेला नसायचा. लगेच त्या पुढे सांगायच्या, "हे माह्या भुकटीसारखं तंतोतंत नाई हं. तिची चुलत बहीण आहे." एवढंसुद्धा वाढवून सांगणं त्यांना जमत नव्हतं.

ते जमत नाही याचा तोटा मी हिंगणीत पाहिला. तिथल्या शाळेत आम्ही टेबलाचा छोटा तुकडा घेऊन गेलतो. पोरं तुटून पडली होती. एक मुलगी टिचकी मारायची आणि विचारायची, "मंग जिंकलं कोन?" मॅडम म्हणाल्या, "कोनीच नाई." "मंग हे थांबलं काऊन?" मॅडमनं पर्समधून वही काढून 'हे का थांबलं' हा प्रश्न लिहून घेतला. आम्हाला म्हणाल्या, "परीक्षेत याच्याइतका चांगला प्रश्न मले कोनी विचारला नव्हता."

मग आले मुख्याध्यापक. पाठीमागे दोन पुढारी.

"मॅडम, याचा शेतीले काही उपयोग?"

"आज तरी नाई."

"कारखान्यात?"

"नाई."

"मंग उद्या तरी?"

"माहीत नाई सर. काही लोक म्हणते नव्या जातीच्या कॉम्प्युटरले होईन. मी पाह्यलं नाई."

मुख्याध्यापकांचं तोंड उतरलं. एवढ्या लोकांत एक वाक्य फेकलं असतं, देशाच्या प्रगतीचं वगैरे, तर हार घातला असता. परतताना एसटीत अश्विनी चिडली. "मॅडम, सांगून द्याचं ना काहीतरी!" मॅडम खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "काहीतरी सांगणारे लई आहेत बाई. तिथं जागा नाई मले."

आता तो आठवडा.

कॉलेजची तपासणी करायला बाहेरून समिती येणार होती. ज्यांनी कॉलेज पाहिलं आहे त्यांना हे दिवस माहीत आहेत. कुंड्या भाड्यानं येतात. बंद पडलेल्या यंत्रांवर "दुरुस्तीत" ऐवजी "वापरात" असं लिहिलं जातं. आणि कोरे कागद फिरतात. त्या आठवड्यात आम्ही प्रत्येकानं दहाबारा कोऱ्या कागदांवर सह्या केल्या. न झालेल्या पालक सभेची हजेरी, न लावलेल्या झाडांची हजेरी. कार्यालयातला बाबू म्हणायचा, "खाली सही ठोका, वर काय लिहाचं ते आम्ही पाहू." आम्ही ठोकल्या. हसत ठोकल्या. कॉलेजचं नाव मोठं होईल म्हणून ठोकल्या.

मंगळवारी विभागप्रमुख लॅब पाहायला आले. मॅडम नव्हत्या, तास बंद म्हणजे तासाची माणसं बंद, त्यांना बोलावलंच नव्हतं. सर टेबलापाशी थांबले.

"हे काय विस्कटून राह्यलं?"

निखिल म्हणाला, "सर, ते तसंच असते."

"तसंच असते म्हंजे? पाहुणे म्हनतीन यायच्याकडे मेन्टेनन्स नाई. सगळ्या सुया सरळ करा. एका दिशेला. लाल टोकं दाराकडे, आल्याबरोबर दिसली पाह्यजे."

"सर, त्या राहत नाई सरळ. फिरते."

"मंग चिकटवा!"

"मॅडमले विचारून..."

"मॅडम काय कॉलेजच्या मालक आहे का?"

झटकन चिकटणाऱ्या गोंदाच्या ट्यूबा आल्या. आम्ही पाच जण होतो. निखिल, अश्विनी, आणखी दोघं आणि मी. दोन वर्षांचे शनिवार आम्ही पावणेदोन तासांत चिकटवून टाकले. अश्विनी रडत होती आणि चिकटवत होती. मी रडतसुद्धा नव्हतो. माझ्या वाट्याला खिडकीकडच्या तीन ओळी आल्या होत्या आणि त्या किती सरळ येतात याकडे माझं लक्ष होतं.

बुधवारी समिती आली. तिघं. मॅडमना फक्त शिक्षकांची डोकी भरावीत म्हणून बोलावलं होतं. त्या भिंतीशी, कपाटाजवळ उभ्या होत्या. टेबल त्यांना तिथून दिसत नव्हतं, मध्ये माणसं होती.

सर सांगायला लागले, "हे आमच्या विभागानं तयार केलेलं पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचं मॉडेल. पाहा, सर्व सुया कशा उत्तर दिशा दाखवतात."

समितीतले एक म्हातारे गृहस्थ फिजिक्सचेच असावेत. त्यांनी टेबलाकडे पाहिलं, खिडकीतून येणाऱ्या उन्हाकडे पाहिलं आणि नम्रपणे विचारलं, "सर, हे दार दक्षिणेला आहे ना?"

दार दक्षिणेलाच आहे. वर्षानुवर्षं आहे.

सर म्हणाले, "ते... भिंतीतल्या वायरिंगचा परिणाम होतो कधी कधी."

म्हाताऱ्यांनी एका सुईला बोट लावलं. सुई हलली नाही. दुसरीला लावलं. तीही नाही. मग त्यांनी मान वर करून विचारलं, "हे बनवलं कोणी?" आणि कोणीतरी, बहुधा शिपायानं, मॅडमकडे पाहिलं. माणसं बाजूला झाली. मॅडम पुढे आल्या.

टेबलाकडे त्या बराच वेळ पाहत राहिल्या. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग शुद्ध, परीक्षेत बोलावं तशा मराठीत म्हणाल्या, "टेबल मी आणि विद्यार्थ्यांनी केलं. हे मी केलेलं नाही. हे चिकटवलेलं आहे."

"कोणी?"

"मी पाहिलेलं नाही. म्हणून सांगता येणार नाही."

आम्ही पाचही जण समोर उभे होतो. माझ्या बोटांवर गोंदाचे पांढरे पापुद्रे होते. मी हात पाठीमागे घेतले.

सर हसून म्हणाले, "मॅडम, तुम्ही जरा बाहेर थांबा." अकरा वर्षं जिथं घोडीवर बसून डबा खाल्ला, त्या लॅबमधून त्यांना पाहुण्यांदेखत बाहेर काढलं, आणि दार शिपायानं नाही, विभागप्रमुखांनी स्वतः लावलं. तेव्हा सव्वाअकरा वाजले होते.

कॉलेजला दर्जा चांगला मिळाला. फाटकावर फलक लागला. एप्रिलात मॅडमना नेहमीसारखं सोडलं, जुलैत बोलावलं नाही. कार्यालयात विचारलं तर उत्तर आलं, "विद्यार्थ्यांची तक्रार आहे." मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. पहिल्यांदा "कागद सापडत नाही" असं उत्तर आलं. अपिलात गेलो, तेव्हा सापडला.

वर टाइप केलेला मजकूर: रंगारी मॅडम प्रयोगशाळा अस्ताव्यस्त ठेवतात, अभ्यासक्रमाबाहेरचं शिकवतात, पाहुण्यांसमोर त्यांनी कॉलेजची बदनामी केली, तरी आम्हाला त्यांच्याकडून शिकायचं नाही. खाली एक्केचाळीस सह्या. तिसरी माझी. सातवी अश्विनीची. निखिलची नववी. तक्रारीवरची तारीख समिती गेल्यानंतरची आहे. सह्या समिती यायच्या आधीच्या आहेत. हा कोऱ्या कागदांतलाच एक कागद. खोटी सही कोणी केलेली नाही. सगळ्या खऱ्या आहेत, आमच्याच हातच्या आहेत, आणि म्हणूनच तो कागद इतका मजबूत आहे. या जुलैतल्या यादीसाठी मॅडमनं पुन्हा अर्ज केला आहे. निवड समितीसमोर त्यांच्या नावापुढे हाच कागद ठेवला जाणार.

मागच्या महिन्यात मी त्यांना भेटायला गेलो. त्या आता नालवाडीजवळ एका ऑनलाइन अर्ज भरायच्या दुकानात बसतात. डॉक्टरेट झालेली बाई लोकांचे उत्पन्नाचे दाखले काढून देते. ओळीत सात-आठ जण होते. मी ओळीतच उभा राहिलो. नंबर आल्यावर म्हणालो, "मॅडम, गोंद मीच लावला होता."

"माहीत आहे. तुहे बोटं पाह्यले होते."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"बोटं पाह्यले होते. लावतानी पाह्यलं नव्हतं."

मी तक्रारीची प्रत काढली. त्यांनी घेतली नाही. "वाचली मी. सही तुहीच आहे ना?"

"कोरा कागद होता मॅडम. आम्हाले काय माहीत होतं..."

"कोरा होता हे तर दिसत होतं ना तुम्हाले?" त्या म्हणाल्या. आवाज तेवढाच लहान. "न पाह्यलेलं लिहू नका म्हणून किती शनिवार घालवले मी. तुम्ही त्याच्याही पुढं गेले. न लिहिलेल्याच्या खाली सही केली."

मी पत्रकं काढू, फाटकासमोर बसू, घोषणा देऊ असं काहीबाही बोललो. त्यांनी हात वर केला. "घोषणा नको. ते तुले येते, माहीत आहे मले. जे पाह्यलं तेवढं लिही. बाजूले हो आता, मागं लोक उभे आहेत."

मागे एक म्हातारी होती. मशीन तिचा अंगठा घेत नव्हतं. मॅडमनं ओल्या फडक्यानं तो अंगठा पुसला, कोरडा केला, काचेवर ठेवला. मशीन बोंबललं. पुन्हा पुसला. "हळू आजी. दाबू नका." म्हातारी ओशाळून म्हणाली, "घासून गेला वो बाई, काम करू करू." "असू द्या. अजून एकदा पाहू." मी दुकानाबाहेर पडलो तेव्हा त्या चौथ्यांदा तो अंगठा पुसत होत्या. माझ्याकडे त्यांनी पुन्हा पाहिलं नाही.

म्हणून हे घोषणेसारखं लिहिलेलं नाही. जे पाहिलं तेवढं लिहिलं आहे.

आता तुम्ही. त्या आठवड्यात त्या कॉलेजात तुम्ही कोऱ्या कागदावर सही केली असेल, किंवा तुमच्या मुलीनं, भावानं, शेजारच्या पोरानं केली असेल, तर "आम्हाला काय माहीत" हे मला सांगू नका. ते मी स्वतः म्हणून पाहिलं आहे. एक कागद घ्या. त्यावर आधी लिहा आणि मग सही करा: "रंगारी मॅडमविरुद्धच्या तक्रारीवरची सही माझी आहे, मजकूर माझा नाही. सही केली तेव्हा कागद कोरा होता. मी ती मागे घेत आहे." प्राचार्यांच्या कार्यालयात द्या आणि शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय उठू नका. अश्विनीनं दिलं, निखिलनं दिलं, मी दिलं. अडतीस बाकी आहेत. यादी लागल्यावर आलेला कागद कोणी वाचणार नाही. कार्यालय साडेदहाला उघडतं. उद्या जा.